दफ्तर आणि देवघर : आशियातील लेखनकलेच्या अभ्यासाची प्रस्तावना

चीनच्या इतिहासात ज्या एका हस्तलेखाला सुलेखनाचा मेरुमणी मानतात, तो एका काव्यसंग्रहाची प्रस्तावना आहे. इ.स. ३५३ च्या वसंतात, तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, आजच्या शाओशिंग नगराजवळ लानथिंग नावाच्या रम्य स्थळी चाळीसएक विद्वान आणि अधिकारी जमले होते. वाहत्या ओहोळात मद्याचे चषक सोडावेत आणि चषक ज्याच्यापुढे थबकेल त्याने कविता रचावी, असा त्या दिवसाचा रिवाज होता. त्या कवितांच्या आरंभी जोडण्यासाठी त्या प्रांताचा कारभारी वांग शीजी याने जो प्रास्ताविक लेख लिहिला, त्याच्या २८ ओळी आणि ३२४ चिन्हे यांचा कित्ता पुढे दीड सहस्रकाहून अधिक काळ पूर्व आशियातील लेखक गिरवीत आले. त्यात काही शब्द खोडलेले आहेत, काही मागाहून ओळींमध्ये घातलेले आहेत. एक नित्याचे चिन्ह वीस वेळा आले आहे आणि वीसही ठिकाणी त्याचे वळण निराळे आहे. मूळ लेख थांग वंशाच्या थाइत्सुंग सम्राटाने आपल्याबरोबर पुरून घेतला अशी परंपरा सांगते. आज आपल्यापुढे आहेत त्या त्याच्या जुन्या नकला.

त्या दिवशीच्या कविता अभ्यासकांखेरीज फारशा कोणाच्या वाचनात नाहीत, परंतु प्रस्तावनेच्या अक्षरांचे वळण मात्र साम्राज्ये बुडाली तरी टिकून राहिले. मजकुराहून अक्षराला, आणि तेही खाडाखोड असलेल्या कच्च्या खर्ड्यातील अक्षराला, एखादा समाज इतके मोल का देतो, हा प्रश्न या विषयाच्या उंबरठ्यावरच उभा आहे. लेखनकलेविषयी आपल्याकडे सामान्यतः अशी समजूत असते की, ती फावल्या वेळातील नाजूक कारागिरी, मजकुरावर मागाहून चढवलेला दागिना. प्रस्तुत संग्रहातील लेख वाचल्यानंतर ही समजूत टिकणार नाही अशी माझी खात्री आहे. आणि ती का टिकू नये हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना लिहीत आहे.

आशियातील लिप्यांच्या इतिहासाकडे दुरून पाहिले म्हणजे दोन स्थाने ठळकपणे डोळ्यांत भरतात. एक दफ्तर आणि दुसरे देवघर. दफ्तरात कारकुनाला घाई असते. सनदा, हिशेब, हुकूम, खलिते यांचा ओघ अखंड चालू असतो, आणि म्हणून तेथे हात उचलण्याचा वेळ वाचवावा, रेघा जोडाव्यात, कोपरे गोलावावेत अशी लेखणीची ओढ असते. देवघरात, म्हणजे जेथे धर्मग्रंथाची, मंत्राची वा शास्त्राची प्रत तयार होते तेथे, घाईला मज्जाव असतो. तेथील अक्षर सुटे, उभे, निःसंदिग्ध आणि शतकानंतरच्या वाचकालाही अडखळू न देणारे असावे लागते. गती आणि स्थैर्य या दोन गरजांच्या ओढाताणीतून आशियातील बहुतेक प्रत्येक लेखनपरंपरा घडली. दफ्तरातील घाईने नवी वळणे जन्माला घातली, ग्रंथाच्या गांभीर्याने त्यांना प्रमाण दिले, आणि शिस्त लागलेली गती म्हणजेच सुंदर अक्षर, हा निष्कर्ष चीनपासून तुर्कस्थानापर्यंतच्या उस्तादांनी आपापल्या परीने काढला. या संग्रहाचे प्रतिपाद्य एका वाक्यात सांगायचे तर ते हेच.

या विषयात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या वाचकाने आरंभी लेखनसाधनांचा नकाशा मनात ठेवावा. स्थूलमानाने आशियात तीन लेखण्यांचे तीन प्रांत आहेत. पूर्वेला, म्हणजे चीन, जपान, कोरिया आणि जुन्या व्हिएतनामात, प्राण्यांच्या केसांच्या मऊ कुंचल्याचे राज्य. पश्चिमेला अरबस्तान, इराण आणि तुर्कस्थानापासून उत्तर हिंदुस्थान व दख्खनपर्यंत तिरकस टोक कापलेल्या बोरूचे राज्य. दक्षिण हिंदुस्थान, ओरिसा, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश आणि बालीपर्यंत ताडपत्रावर कोरणाऱ्या लोखंडी लेखणीचे राज्य. कुंचला दाबाला उत्तर देतो, त्यामुळे तेथील रेघ जाड-बारीक होत श्वासासारखी चालते. बोरू दिशेला उत्तर देतो, त्यामुळे तेथे रेघेची जाडी हाताच्या कोनाने ठरते. लोखंडी लेखणी पानाच्या शिरांना भिते, कारण शिरेच्या दिशेने आडवी रेघ जोराने ओढली तर पान चिरण्याचा संभव असतो. उडिया, सिंहली आणि बर्मी लिप्यांची अक्षरे वाटोळी का झाली याचे सर्वसाधारणपणे मान्य असलेले कारण हेच.

आता पूर्वेकडून आरंभ करू. आनयांग येथे सापडलेल्या, भविष्य पाहण्यासाठी वापरलेल्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर कोरलेली चिन्हे ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकापर्यंत मागे जातात, आणि आजच्या चिनी चिन्हांशी त्यांचे नाते अखंड आहे. ख्रिस्तपूर्व २२१ मध्ये छिन सम्राटाने चीन एकछत्री केला तेव्हा ली स या प्रधानाच्या देखरेखीखाली सर्व राज्यात एकच भारदस्त मुद्रालिपी प्रमाण ठरवली गेली. तथापि शिलालेखांवर ही मुद्रालिपी मिरवत असताना कारकुनांचे हात निराळ्याच वाटेने चालले होते. १९७५ साली हूपेइ प्रांतात श्वेइहूती येथे छिनकालीन एका साध्या स्थानिक अधिकाऱ्याची कबर उघडली; तीत त्याच्या देहाभोवती कायदेकानू आणि तपासाचे नियम लिहिलेल्या अकराशेहून अधिक बांबूच्या पट्ट्या मांडलेल्या होत्या. त्या पट्ट्यांवरील अक्षर मुद्रालिपीची गोलाई टाकून सरळ, चपट्या, झटपट रेघांकडे वळताना स्पष्ट दिसते. पुढे हान काळात ज्या कारकुनी लिपीत भव्य शिलालेख कोरले गेले, तिचा उगम असा दफ्तरातला आहे. तिच्यातून पुढे तृणलिपी, धावती लिपी आणि प्रमाण लिपी उद्भवल्या, आणि थांग काळात या पाचही वळणांची व्यवस्था पक्की झाली.

थांग राजवटीत अधिकाऱ्याची नेमणूक करताना देहयष्टी, वाणी, अक्षर आणि निर्णयशक्ती या चार गोष्टी पाहत. अक्षराला तेथे जे नैतिक वजन आले त्याचे मूळ या व्यवस्थेत आहे. हात हा शीलाचा साक्षीदार, अशी श्रद्धा सरकारी परीक्षांनी दृढ केली. यान चेनछिंग (७०९–७८५) हा त्या श्रद्धेचा आदर्श पुरुष. आन लूशान या सेनापतीच्या बंडात त्याचा पुतण्या मारला गेला, आणि ७५८ साली त्याने त्या पुतण्याच्या श्राद्धासाठी शोकलेखाचा जो खर्डा लिहिला तो आज तैपेइच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. हा कागद जवळून न्याहाळण्यासारखा आहे. आरंभीच्या ओळी संयमाने चालतात. मृत्यूचा उल्लेख येताच चिन्हे मोठी होतात, ओळ वाकते, सबंध वाक्ये काळ्या फराट्याखाली जातात. कुंचल्यातील शाई संपत आली तरी हात थांबत नाही, तो कोरड्या केसांनी रेघ ओढत जातो, आणि मग एकदम नव्या शाईचे दाट चिन्ह उमटते. बाराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका माणसाने कुठे दम घेतला आणि कुठे घेतला नाही, हे त्या कागदावर आजही वाचता येते. वांग शीजीची प्रस्तावना आणि हा शोकलेख, चिनी धावत्या लिपीच्या या दोन्ही शिखरकृती कच्चे खर्डे आहेत. घडून गेलेला क्षण रेघेत जसाच्या तसा राहावा, हे त्या परंपरेचे मर्म आहे.

कुंचल्यासोबत शाई, कागद आणि शाईची वडी सहाणेवरच्या चंदनाप्रमाणे पाण्यात उगाळण्याची शिला या तीन वस्तू येतात. चिनी अभ्यासिकेची ही चार रत्ने जपानात आणि कोरियात पोचली तेव्हा तेथील मातीने त्यांना निराळे काम दिले. जपानात चिनी चिन्हांच्या धावत्या रूपांतून काना ही अक्षरमाला निर्माण झाली. दरबारी पुरुष शासनाचे आणि शास्त्राचे लेखन चिनीत करीत, आणि स्त्रियांच्या पत्रांतून, कवितांतून व कथांतून ही हलकी, वाहती, एकमेकींत गुंतणारी अक्षरे वाढली. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबुने रचलेली ‘गेंजी’ची कथा या लिपीचेच अपत्य. कोरियात राजा सेजोंगने १४४६ साली हंगुल लिपी जाहीर केली, ती सामान्य प्रजेला शिकण्यास सुलभ जावी म्हणून; पुढे राजवाड्यातील स्त्रियांनी या नव्या लिपीला डौलदार दरबारी वळण दिले, आणि एकोणिसाव्या शतकात किम जोंगहुई याने प्राचीन शिलालेखांच्या अभ्यासातून चिनी चिन्हांना असे खडबडीत, निर्भीड रूप दिले की ती शैली त्याच्या टोपणनावानेच ओळखली जाते.

पश्चिमेकडे वळताच दृष्टी बदलावी लागते. इस्लामी जगात लेखनाला जे अग्रस्थान मिळाले त्याचे कारण उघड आहे : ईश्वरी वचन जेथे ग्रंथरूपाने अवतरले, तेथे त्या ग्रंथाची प्रत करणे ही उपासनाच ठरली. आरंभीच्या कुराणप्रतींतील कूफी अक्षर रुंद, कोनदार आणि शिलेसारखे स्थिर आहे. परंतु ज्या सुधारणेने अरबी सुलेखन शास्त्र बनले ती सुधारणा देवघरातून आली नाही. इब्न मुक्ला (मृत्यू ९४०) हा बगदादचा मुत्सद्दी. तीन अब्बासी खलिफांची वजिरी त्याने केली. तिरकस बोरू कागदावर टेकवून उमटणारा चौकट आकाराचा नुकता हे त्याने परिमाण धरले, अलिफ या पहिल्या अक्षराची उंची नुकत्यांत मोजली, आणि अलिफ हा ज्याचा व्यास आहे अशा वर्तुळात इतर अक्षरांची वळणे बसवली. राजकारणाच्या फेऱ्यात त्याचा उजवा हात तोडला गेला आणि कारावासात त्याचा अंत झाला, परंतु त्याने घालून दिलेले प्रमाण मोडले नाही. पुढे इब्न अल-बव्वाबने त्या प्रमाणात माधुर्य आणले, इ.स. १०००–१००१ च्या सुमारास त्याने लिहिलेली कुराणाची प्रत डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. तेराव्या शतकात याकूत अल-मुस्तअसिमीने बोरूचे टोक अधिक तिरके कापून सहा कलमांची, म्हणजे सहा लेखनशैलींची, व्यवस्था परिपूर्ण केली. या सहांची विभागणीच बोलकी आहे : मुहक्कक आणि रैहान ही मुख्यत्वे कुराणाची, तौकी आणि रिका ही दफ्तराची.

चिनी खर्ड्यात दिसणारी व्याकुळता येथे शोधू नये. येथे उस्ताद स्वतःला अक्षराच्या मागे लपवतो. हजार प्रती केल्यानंतर हाताचा कंप नाहीसा व्हावा ही येथील साधना आहे. शिष्याने वर्षानुवर्षे कित्ता गिरवावा, आणि गुरूने इजाजत दिल्याखेरीज आपल्या लेखनाखाली स्वतःचे नाव घालू नये, हा उस्मानी परंपरेतील दंडक आजही पाळला जातो. सरावाच्या कागदावर अक्षरांवर अक्षरे लिहीत कागद काळा करून टाकण्याच्या पद्धतीला इराणात सियाह मश्क म्हणतात, आणि मीर इमादसारख्या उस्तादांचे असे सरावाचे कागदही लोकांनी संग्रहात जपून ठेवले. इराणात चौदाव्या शतकात उदयास आलेली, मीर अली तब्रीझीच्या नावाशी जोडली गेलेली नस्तालीक ही काव्याची लिपी झाली; ओळीच्या शेवटाकडे झुकत येणारे तिचे शब्द फारसी गझलेच्या लयीशी एकरूप झाले. आणि मग पुन्हा दफ्तराने आपला हक्क सांगितला : सतराव्या शतकात मुनशींच्या घाईने नस्तालीकची शिकस्ता झाली, आणि थोड्याच काळात शिकस्ताही कलावंतांनी आपलीशी केली.

हिंदुस्थानात या परंपरेला मोठा राजाश्रय लाभला. अकबराने मुहम्मद हुसेन काश्मिरीला ‘झर्रीन कलम’ हा किताब दिला. अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त चित्रकलेच्या आधी लेखनकलेचा विचार केला. ताजमहालाच्या कमानींभोवती अमानत खान शिराझीने योजलेली अक्षरे वरच्या भागात मोठी केली आहेत, ती खाली उभ्या असलेल्या माणसाला सारखी दिसावीत म्हणून. आपल्या दख्खनेतही विजापूरच्या इब्राहिम रोझ्यात दगडी जाळ्याच अक्षरांच्या केल्या आहेत; प्रकाश आत येतो तो वचनांतून गाळून येतो.

आता स्वदेशी लिप्यांकडे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अशोकाच्या शिलालेखांतून प्रौढ रूपाने दिसणारी ब्राह्मी ही आशियाच्या अर्ध्या भागाची लिपिजननी आहे. नाणेघाटातील सातवाहनांचा लेख तिचाच. आणि तिबेटची, जावाची, ब्रह्मदेशाची, थायलंडची व कंबोडियाची अक्षरे तिच्याच वंशातील. तिबेटी लिपीच्या दोन रूपांत तर दफ्तर आणि देवघर यांची वाटणी अगदी उघड आहे : शिरोरेषा असलेली उचेन ग्रंथांसाठी, शिरोरेषा नसलेली उमे रोजच्या व्यवहारासाठी. ब्राह्मीच्या वंशातील सिद्धम् लिपीची कथा विशेष हृद्य आहे. बौद्ध मंत्रांच्या शुद्धतेसाठी ही लिपी चीनला गेली. तेथून ८०६ साली कूकाइ या भिक्षूने ती जपानात नेली. हिंदुस्थानात नागरीच्या प्रसाराने सिद्धम् विसरली गेली, परंतु जपानच्या शिंगोन मंदिरांत आणि स्मशानशिळांवर तिची बीजाक्षरे आजही कुंचल्याने लिहिली जातात. आपण टाकलेले अक्षर परक्यांनी बारा शतके सांभाळले, ही गोष्ट आपल्याला नम्र करणारी आहे.

आमच्या पोथ्यांच्या परंपरेत लेखनिक बहुधा अनाम राहिला, तरी पुष्पिकेत त्याचा आवाज ऐकू येतो. पाठ, कंबर आणि मान मोडून, दृष्टी खाली लावून हे लिहिले आहे, तेव्हा तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून याचे रक्षण करा, अशी विनवणी शेकडो पोथ्यांच्या शेवटी आढळते. गुजरात-राजस्थानातील जैन भांडारांनी ही विनवणी मनावर घेतली म्हणून पाटण आणि जेसलमेर येथे आज ताडपत्रांचा ठेवा शिल्लक आहे. चौदाव्या शतकाच्या सुमारास तेथे ताडपत्राची जागा कागदाने घेतली. पाने ओवण्यासाठी लागणाऱ्या दोरीची गरज संपली, तरी पानाच्या मध्यभागी भोकासाठी सोडलेली जागा लेखनिक सोडतच राहिला आणि चित्रकार तीत रंगीत ठिपका काढत राहिला. परंपरा हातात कशी मुरते याचा याहून बोलका पुरावा दाखवणे कठीण आहे.

महाराष्ट्रात गती आणि स्थैर्य यांची वाटणी जितकी स्पष्ट झाली तितकी क्वचितच अन्यत्र झाली असेल. ग्रंथ बाळबोधीत आणि दफ्तर मोडीत, हा आपला कित्येक शतकांचा शिरस्ता. मोडीचा संबंध परंपरेने देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याशी जोडला जातो. ते कसेही असो, बहमनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशी तिची वळणे जाणत्याला ओळखू येतात. मोडीचा कारकून प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढी आणि मग तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता मजकूर लिही. शब्दांत अंतर सोडण्याचा खोळंबा नाही, इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. पत्र पुरे झाले की शेवटी मोर्तबाचा शिक्का उठे, म्हणजे त्यापुढे कोणाला अक्षर वाढवता येऊ नये. घाई होती, पण बेशिस्त नव्हती. उत्तम चिटणिसी मोडीची ओळ पाहिली म्हणजे तिच्यातील तोल एखाद्या शिकस्ता लिहिणाऱ्या मुनशीलाही मान्य होईल याविषयी शंका राहत नाही. कागद दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा किंवा जुन्नरचा, शाई काजळी आणि डिंकाची. काही पिढ्यांपूर्वीपर्यंत या वस्तूंची नावे घरोघर ठाऊक होती. तंजावरच्या भोसल्यांनी हीच मोडी कावेरीकाठी नेली. तेथील सरस्वती महालात मोडी कागद आहेत आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास सांगणारा विस्तीर्ण मराठी शिलालेख आहे.

बाळबोधीच्या बाजूला आपल्याकडे एक असा दस्तऐवज आहे, की आशियाच्या कोणत्याही लेखनशास्त्रापुढे तो अभिमानाने ठेवावा. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, पहिल्या अक्षरापासून अखेरच्या अक्षरापर्यंत लेखणी पालटल्यासारखी वाटू नये, हे तर ते सांगतातच. पण त्यांची दोन सूत्रे मला अपूर्व वाटतात. तरुणपणी डोळे तेज असतात म्हणून फार बारीक लिहू नये, कारण तेच लेखन म्हातारपणी आपल्याच उपयोगी पडत नाही. आणि कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडून मधे लिहावे, म्हणजे काळाने कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. सौंदर्याचा विचार येथे वाचकाच्या चिंतेतून निघाला आहे. लिहिणाऱ्याने आपल्या पश्चात येणाऱ्या डोळ्यांची काळजी वाहिली पाहिजे, हा त्याचा आशय. समर्थांनी हे नुसते सांगितले नाही : त्यांच्या हातची म्हणून मानली जाणारी वाल्मीकिरामायणाची प्रत धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे.

मुद्रणयंत्र आल्यावर ही सारी व्यवस्था हलली, पण एका दिवसात मोडली नाही. शिळाछापाने तर हस्ताक्षराला नवे आयुष्य दिले; १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी छापलेले मराठी पंचांग शिळाछापाचे होते. नस्तालीक तर खिळ्यांना इतकी असाध्य ठरली की उर्दू वृत्तपत्रे कातिबांच्या हातानेच लिहिली जात. १९८१ मध्ये संगणकासाठी नूरी नस्तालीक तयार झाल्यावर ही स्थिती बदलली. तथापि चेन्नईच्या ‘द मुसलमान’ या १९२७ साली निघालेल्या दैनिकाचे अंक त्यानंतरही दीर्घकाळ हाताने लिहून छापले गेले. देवनागरीच्या बाबतीत र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी बोरूचे मर्म जाणून संगणकासाठी ‘मंगल’सारखी अक्षररूपे घडवली, आणि अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून आपली मुक्त शैली उभी केली. जुनी साधना नव्या साधनांत उतरू शकते याची ही मराठी उदाहरणे आहेत.

मग आजच या विषयाचा इतका आग्रह का? कारण गेल्या शंभर वर्षांत आशियातील अनेक समाज आपल्याच कागदपत्रांना परके झाले. तुर्कस्थानाने १९२८ साली एका कायद्याने लिपी बदलली, आणि नातवाला आजोबाचे पत्र वाचता येईना. मंगोलियात १९४० च्या दशकात सिरिलिक लिपी आली आणि उभ्या ओळींची आठ शतकांची लिपी मागे पडली. २०१३ साली युनेस्कोने मंगोल सुलेखनाची नोंद केली ती तातडीने रक्षण करण्याजोग्या वारशांच्या सूचीत. चिनी सुलेखन २००९ मध्ये आणि अरबी सुलेखन २०२१ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशात नोंदले गेले. तथापि त्याच चीनमध्ये कळफलकावर उच्चार टंकून चिन्ह निवडण्याच्या सवयीमुळे सुशिक्षितांनाही हाती लेखणी घेतल्यावर नित्याचे चिन्ह आठवत नाही अशी तक्रार सार्वत्रिक आहे.

आपली हकीकत याहून वेगळी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांतून गेली, आणि दोन पिढ्यांत मराठी माणूस आपल्याच पूर्वजांच्या दस्तऐवजांपुढे निरक्षर झाला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तरी रुमालांत बांधलेल्या कागदांचा तो एक अल्पसा अंश आहे. उरलेल्या कागदांत तगाईचे अर्ज आहेत, वतनांचे तंटे आहेत, दुष्काळांच्या नोंदी आहेत, स्त्रियांच्या फिर्यादी आहेत. आपल्या सामान्य माणसाचा इतिहास तेथे निजलेला आहे, आणि तो वाचू शकणारी माणसे फार थोडी आहेत. लेखनकलेचा अभ्यास ही रसिकांची हौस आहे असे म्हणणाऱ्याने या रुमालांकडे एकदा पाहावे.

प्रस्तुत संग्रहाची योजना या जाणिवेतून झाली आहे. आशियातील सर्व लिप्यांचा कोश करणे हा त्याचा हेतू नाही. आर्मेनियन, सिरियाक, हिब्रू यांसारख्या थोर परंपरांचा येथे ओझरता उल्लेखच आहे, कारण त्यांना न्याय देण्यास स्वतंत्र ग्रंथ हवा. येथे तीन लेखण्यांच्या तीन प्रांतांतील निवडक परंपरा घेतल्या आहेत, आणि प्रत्येक लेखकाला दोन अटी घातल्या होत्या. पहिली अशी की, सिद्धान्त मांडण्यापूर्वी एखादा प्रत्यक्ष लेख, म्हणजे एखादा खर्डा, शिलालेख, पोथीचे पान अथवा खलिता, वाचकापुढे उलगडून दाखवावा, आणि तो कोणत्या लेखणीने, कोणत्या कागदावर, कोणासाठी व किती घाईत लिहिला गेला हे सांगावे. दुसरी अशी की, उस्तादांच्या नामावळीबरोबरच कागदी, शाईवाले, बोरू कापणारे, नकलनवीस आणि कारकून यांच्या श्रमांची दखल घ्यावी. या अटींमुळे विवेचनाची गती काही ठिकाणी संथ झाली आहे. तथापि अक्षर जवळून पाहण्याची सवय लागल्याखेरीज या विषयातील कोणतेही मोठे विधान पारखता येत नाही, असे माझे निश्चित मत आहे. संग्रहातील चित्रपत्रे म्हणूनच सजावटीसाठी नाहीत. मजकूर वाचण्यापूर्वी ती पाहावीत, आणि वाचून झाल्यावर पुन्हा पाहावीत.

वाचकाला अखेरची एक विनंती आहे. हा ग्रंथ नुसता वाचून बाजूला ठेवू नये; त्यातील एखादा कित्ता निवडून तो हाताने गिरवावा, कारण बोटांना जे कळते ते डोळ्यांना उशिरा कळते. आणि ज्याची मातृभाषा मराठी आहे त्याने चिनी, अरबी, जपानी परंपरांचे कौतुक करून झाल्यावर मोडी शिकावी. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून या कागदांची सेवा करीत आहे, राज्याचे पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग चालवते, आणि नियमित सरावाने ही लिपी वाचता येणे कोणाही सुशिक्षित माणसाच्या आवाक्यातील आहे. दफ्तरांतील कागद दरवर्षी जीर्ण होत आहेत. ते वाचणारे हात आणि डोळे या पिढीने तयार केले नाहीत, तर पुढच्या पिढीला ते करण्याची संधी उरणार नाही.